पडद्याआडचा कान

नायगावात महेबूब नालबंदाचं घर विचारा, शेंबडं पोरगंसुद्धा बोट दाखवील. बाजाराच्या मैदानामागं, लिंबाच्या झाडाखाली, पुढं काळ्या दगडाची फरसबंदी अन् दाराला फुलाफुलांचा पडदा. महेबूबचं नाव पार धर्माबादपासून लोह्यापर्यंत पोचलेलं. पण त्याच पडद्याआड मलिकाबी राहते, तिचं नाव काय म्हणून विचाराल तर लोक डोकं खाजवतील. 'भाभी' म्हणून तिच्या हातचा चहा सगळे प्यालेत, कपबशी खाली ठेवलीय अन् निघून गेलेत. म्हणून आज तिचंच सांगायचं. महेबूबला राग आला तर येऊ द्या, उतरेल.

मलिकाबी मूळची उदगीरची. तिचा बापही नालबंदच. तेव्हा उदगीरला टांगे चालायचे, त्यामुळं बापाच्या अंगणात सारखी घोडी बांधलेली. पोरीच्या जातीनं बाप्यांच्या गर्दीत यायचं नाही, असा आईचा कडक कायदा. मग ही दाराआड बसायची अन् ऐकायची. डोळ्यांना मनाई होती, पण कानांना कोण मनाई करणार? ऐकता ऐकता पोरीला कळायला लागलं की घोड्याचा पाय सपाट टेकला तर एकच भरीव आवाज येतो, टप्. खुराची एक कड आधी टेकली अन् दुसरी मागून आली, तर तोच आवाज फुटतो, ट-टप्. फरक एवढासा, की कुणी शिंकलं तरी निसटून जावा. एकदा बापानं नाल ठोकून घोडा फिरवला अन् ही आतून ओरडली, "अब्बा, डावा मागचा!" बापानं पाय उचलून बघितला तर पोरीचं खरं. पाहुण्यारावळ्यांपुढं ओरडली म्हणून आईनं पाठीत रट्टा घातला, अन् बापानं संध्याकाळी जिलेबी आणून दिली. दोन्ही तिच्या ध्यानात राहिलं.

पुढं लग्न झालं तेही नालबंदाच्याच घरी. महेबूब तेव्हा दिसायला काटक, बोलायला गोड, अन् कामात असा की घोडा त्याच्या हातात पाय देऊन डुलक्या घ्यायचा.

घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखासारखाच, सारखा वाढत राहतो. महिना-दीड महिना झाला की जुनी नाल काढायची, वाढलेला खूर तासायचा, कानशीनं सपाट करायचा अन् नाल ठोकायची. ठोकण्याचं काय, हात बसला की कुणीही ठोकील. अवघड असतं ते माप. महेबूब मापायला शिंदीच्या झाडूची काडी घ्यायचा. पायावरचे केस संपतात तिथपासून खुराच्या टोकापर्यंत काडी धरायची, नखानं खूण करायची अन् तिथंच मोडायची. मग त्याच खुराच्या दोन्ही कडा, मग जोडीचा दुसरा पाय. त्यापायी मलिकाबीचा झाडू गल्लीत सगळ्यात आधी टकला व्हायचा. "अजी, मी घर झाडू का तुमच्या घोड्यांचे पाय मोजू?" असं ती कुरकुरायची, अन् पुढच्या बाजारी दोन झाडू जास्तीचे आणायची.

पण काडीनं निम्मंच काम होतं. माणसांत जसा कुणी फेंगडा असतो, कुणी सरळ असतो, तसंच घोड्यांचं. पायच जरा बाहेर वळलेला असला, तर दोन्ही कडा काडीनं तंतोतंत केल्या तरी जमिनीवर एक कड आधी टेकणार. ती किती घासून उतरवायची हे काडी सांगत नाही. त्यासाठी घोडा दगडावर चालवायचा अन् कान द्यायचा. चुकलं तर घोडं त्याच दिवशी लंगडत नाही, हेच तर वाईट. बिचारं मुकाट्यानं ओढत राहतं, अन् मग एक दिवस सांधा धरतो.

अन् महेबूबला ऐकू येईना झालं.

कधीपासून, ते त्यालाही नेमकं सांगता यायचं नाही. जन्मभर ऐरणीवर हातोडी घातली, कान थोडे थोडे करत गेले. समोरच्याच्या ओठांकडं बघून निम्मं कळायचं, उरलेलं अंदाजानं घ्यायचा. शिवाय त्यानं एक युक्ती काढली. समोरच्याला बोलूच द्यायचं नाही. गिऱ्हाईक दारात आलं रे आलं की याचीच गाडी सुरू. यंदा पाऊस कसा झाला, सोयाबीन कसं पिकलं, कुणाच्या पोराचं कुठं जमलं. एवढा बोलभांड माणूस बहिरा असेल असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? पण पाठीमागं तोफ उडाली तरी पठ्ठ्याला पत्ता नसायचा.

मलिकाबीला हे कळलं ते त्याच्या जेवणावरून. चाकूरकडचा वरातीचा एक घोडा त्यानं ट-टप् वाजत असताना तसाच सोडून दिला. तिनं आतून ऐकलं होतं. तिला वाटलं, यांनीही ऐकलं असेल, काहीतरी कारण असेल. पंधरवड्यानं तोच घोडा लंगडत परत आला. मालक भला होता, काही बोलला नाही. पण महेबूब त्या दिवशी अर्धी भाकर ताटात ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग पुढचा घोडा आला. नाल ठोकून महेबूबनं त्याला दगडावरून फिरवलं, तेव्हा पडद्याच्या कडेनं बांगड्या भरलेला उजवा हात बाहेर आला, पार खाली, गुडघ्याच्या उंचीला. महेबूबनं हाताकडं पाहिलं. घोड्याकडं पाहिलं. दाढीवरून हात फिरवला अन् म्हणाला, "हं. उजवा मागचा."

तेव्हापासून हेच चाललं. उजवा हात म्हणजे उजवा पाय, डावा म्हणजे डावा. वर दिसला तर पुढचा, खाली दिसला तर मागचा. उघडा पंजा दिसला की समदं बराबर. गिऱ्हाईकं तर थक्क! हा माणूस डोळे बारीक करून नुसता घराकडं बघतो अन् पाय ओळखतो, म्हणजे काहीतरी विद्या असणार. अन् गंमत बघा, या दोघांत त्यावर एक शब्द कधी झाला नाही. तुम्हाला ऐकू येत नाही का, असं तिनं विचारलं नाही. तू हात का दाखवतेस, असं त्यानं विचारलं नाही. ती हात दाखवायची, तो भाकर पूर्ण खायचा.

त्यांचा थोरला मुज्तबा लातूरला असतो, गाड्यांचं गॅरेज आहे त्याचं. फोनवर त्याचं एकच पालुपद, "अम्मी, बास झालं आता. लातूरला चला." मुलगा गुणाचा अन् सूनही मायाळू. पण बापाचे कान गेलेत हे त्याच्या कानावर गेलं असतं, तर आठवड्यात त्यानं दोघांचं बिऱ्हाड उचललं असतं. एवढ्या मोठ्या जनावराच्या पायाशी बहिरा माणूस बसतो, हे कुठल्या लेकराला खपेल? अन् तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत महेबूबनं दिवसभर काय करायचं? मलिकाबीला त्याची काळजी होती, हे तर खरंच. पण खोटं कशाला बोला, तिला स्वतःचीही होती. पडद्याआडचं ते काम तिचं होतं. कुणाला माहीत नव्हतं म्हणूनच टिकलं होतं.

तर मार्गशीर्ष उतरणीला लागला अन् माळेगावच्या यात्रेची गडबड सुरू झाली. दरसाल या दिवसांत महेबूबच्या दारात घोड्यांची रीघ. त्या दिवशी सकाळी धर्माबादकडचे ग्यानोबा पाटील पिकअपमध्ये घोडी घालून आले. जुनं गिऱ्हाईक, पण घोडी नवी, तांबूस रंगाची, मैना नावाची. पाटलांची नात सृष्टी मधी लई आजारी होती. तेव्हा पाटलांनी खंडोबाला बोलून ठेवलं होतं की पोर उठून बसू दे, घोडी लोह्यापासून माळेगावापर्यंत चालवत तुझ्या दारी आणीन. पोर उठली, शाळेत जायला लागली. आता बोललेलं फेडायचं होतं.

"महेबूबभाई, नीट बघा बर का," पाटील म्हणाले. "एवढी वाट ती पहिल्यांदाच चालणार हाय."

महेबूबनं मैनाच्या मानेवर थाप मारली, पाय उचलला, काडी मोडली अन् कामाला लागला. सोबत तोंड चालूच. पाटलांचा पुतण्या रुद्रेश गाडी चालवून दमला होता. ऊन चढलं म्हणून त्यानं पिकअप मागं घेतली अन् लिंबाच्या सावलीत आणून लावली. नेमकी फरसबंदीच्या अन् दाराच्या मधोमध!

चारी नाला ठोकून झाल्या. महेबूबनं मैनाला दगडावर घेतलं. टप्, टप्, टप्, ट-टप्. मलिकाबीनं चहाचं आधण तसंच ठेवलं. परत ऐकलं. उजवा पुढचा. बाहेरची कड आधी टेकत होती. तिनं पडदा सारून उजवा हात वर काढला, अन् समोर बघते तर पिकअपचा पत्रा.

पत्र्यापलीकडं महेबूब थांबला होता. त्यानं दाराकडं पाहिलं असणार, दोनदा पाहिलं असणार. दिसणार काय, गाडीचं चाक? घोडीचा तो पाय जरा बाहेर वळलेला आहे हे त्यानं हेरलं होतं, एवढा काही तो आंधळा नव्हता. पण किती उतरवायचं? माणसं समोर उभी. जरा वेळ त्यानं दाढी कुरवाळली अन् मग तो मोठ्यानं म्हणाला, "पक्कं! न्या पाटील, बिनघोर न्या."

मलिकाबीनं आतून ते ऐकलं. रुद्रेश फळी लावून घोडी गाडीत चढवायला निघाला होता. एवढी लांब वाट, तीही फुटक्या टापेनं! पोर उठली म्हणून घोडी चालायची, अन् घोडीच बसली तर? चहा घेऊन बाहेर जावं तर चहा झालेला नाही. तशीच जावं तर सगळ्यांपुढं काय बोलावं? चुलीशेजारी मोठं पितळी पातेलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं अन् उंबऱ्याच्या दगडावर दाणकन आपटलं.

कसला आवाज झाला म्हणता! लिंबावरचे कावळे उडाले. मैना दचकून मागं सरली. रुद्रेश वळला, पाटील वळले, शेजारची स्वप्नाली धुणं टाकून गल्लीत धावत आली. पातेलं गडगडत गाडीखालून फरसबंदीवर गेलं अन् तिथंही गोल गोल फिरत वाजत राहिलं.

एकटा महेबूब वळला नाही. तो पाठमोरा, खाली वाकून आपला हातोडी-कानस पिशवीत भरत होता, अन् सृष्टीला आशीर्वाद सांगा म्हणून पाटलांना सांगत होता.

इतक्या वर्षांत मलिकाबीनं त्याला एकदाही आवाजानं हाक मारली नव्हती, अन् आज मारली तर ही अशी. आपण काय करून बसलो, ते तिला तेव्हा कळलं. गाडीला वळसा घालून ती बाहेर आली तेव्हा सगळे महेबूबकडं बघत होते. पाटलांचं तोंड उघडं राहिलं होतं. रुद्रेश हलक्या आवाजात म्हणाला, "काका, हा तर ठार बहिरा हाय. चला, लोह्यात दाखवू दुसऱ्याला." महेबूबला ते ऐकू गेलं नाही. मलिकाबीला गेलं.

पायाशी पातेलं येऊन थांबलं तेव्हा महेबूब वळला. त्यानं पातेलं पाहिलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले, अन् शेवटी बायकोचा पाहिला. ती नुसती मान हलवत होती. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं. समजायला त्याला काही शब्द लागले नाहीत.

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "पाटील, मला ऐकू येत न्हाई. लई दिवस झाले. पाय मी ओळखत न्हाई, ही ओळखते. आज मधी गाडी आली अन् मी तुम्हाला थाप मारली. तुमच्या देवाच्या वाटंला मी असं करायला नको होतं. लोह्यात नालबंद हाय, त्याच्याकडं न्या. मी वाईट वाटून घेणार न्हाई."

मलिकाबीला वाटलं, संपलं. आता लातूर. महेबूबचा चेहरा असा झाला होता की तिला त्याच्याकडं बघवेना.

"चला काका, उशीर होऊन राहिला," रुद्रेश म्हणाला.

"तू गप रे!" पाटील खेकसले. "तुझीच गाडी कडमडली मधी." अन् ते मलिकाबीकडं वळले. "भाभी, आता तुमीच सांगा. कुठला पाय?"

आजवर कुणी तिला कामातलं काही विचारलं नव्हतं. तिनं सवयीनं उजवा हात वर केला, मग भानावर आली. "उजवा पुढचा, भाऊ. बाहेरची कड. केसभर उतरवायची, जास्ती न्हाई."

सत्तरी गाठलेल्या पाटलांनी धोतर खोचलं, मैनाचा उजवा पाय उचलून आपल्या मांड्यांत धरला अन् महेबूबला पुढं बसून काम करता यावं असे वाकून उभे राहिले. बोलून उपयोग नव्हता. नुसती मान उडवली, की हं, घ्या. महेबूब बघतच राहिला. "पाटील, तुमची कंबर," तो म्हणाला. पाटलांनी पाय काही सोडला नाही.

मग महेबूब खाली बसला. खिळे उपसले, नाल काढली, बाहेरच्या कडेवरून कानस फिरवली. मान वर करून त्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं चिमूट दाखवली, अजून थोडं. परत कानस फिरली. बास, तिनं पंजा दाखवला. आज मधी पडदा नव्हता, अन् चोरून बघायचंही काही नव्हतं. नाल परत बसली, खिळ्यांची टोकं वळवली गेली, अन् मैना दगडावर चालली.

टप्. टप्. टप्. टप्.

रुद्रेशचीही मान आपोआप हलली. पाटलांनी विचारलं, "भाभी?"

"बराबर हाय, भाऊ."

"मग झालं तर," पाटील म्हणाले. महेबूबच्या पुढं जाऊन, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ओठ सावकाश हलवत ते म्हणाले, "येताना परत थांबतो. भाभीला ऐकवून जातो." अन् चहा न पिताच गेले, कारण चहाचं आधण केव्हाच आटून गेलं होतं.

गाडी गेली. स्वप्नाली पातेलं आणून देऊन गेली, त्याला चांगलाच पोचा आला होता. मलिकाबी उंबऱ्यावर बसली अन् इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना. महेबूब शेजारी येऊन बसला. ती त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, "चुकलं माझं. मी आपटायला नको होतं."

"आपटलंस?" महेबूब म्हणाला. "मला वाटलं हातातून पडलं." अन् तो हसायलाच लागला. "या अल्ला! बहिऱ्याला बोलवायला पातेलं आपटती ही बाई!" तिनं रडता रडता त्याच्या दंडावर चापट मारली. मग तीही हसली. मुज्तबाला काय सांगायचं ते दोघांनी नंतर बघू म्हणून ठेवून दिलं.

जरा वेळानं महेबूब फरसबंदीकडं बघत म्हणाला, "मलिका, मैनाची चाल कशी हाय ग?"

तिला प्रश्न पडला. चाल कशी सांगायची? चांगली आहे, हलकी आहे, असं सांगून नालबंदाला काय कळणार? कितीतरी घोडी या दगडावरून गेली होती, अन् तिनं त्याला प्रत्येक वेळी फक्त चुकलेला पाय दाखवला होता. नुसती चाल कधीच ऐकवली नव्हती. तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, पालथा केला, परत उलटा केला, अन् घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर बोटांनी मैना चालवली. एक, दोन, तीन, चार. जशी ऐकली होती तशी, तेवढ्याच वजनानं.

महेबूबनं डोळे मिटले. "थांब. परत."

तिनं परत वाजवली.

"उजवा मागचा उशिरा येऊन राहिला," तो म्हणाला.

मलिकाबीनं मनात परत ऐकून बघितलं. खरंच की! पुढच्या पायाच्या नादात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं डोळे उघडले तशी ती म्हणाली, "आता सांगता व्हय? घोडी गेली तिकडं!"

त्यानं तिच्या ओठांवरून ते ओळखलं. "काही न्हाई ग ते. गाडीत उभी राहून आखडलीय. कोसभर चालली की सुटंल." अन् परत डोळे मिटून त्यानं दुसराही हात तिच्या मांडीवर टाकला. त्याच्या दाढीत पाणी उतरलं होतं. "आता जरा पळव तिला," तो म्हणाला.

मलिकाबीनं बांगड्या मागं सारल्या, दोन्ही हात मोकळे केले, अन् घोडी सोडली.